बांगलादेशचे हापसे आणि आर्सेनिक

2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये ॲलन स्मिथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा एक लेख आला. बांगलादेशात जे चाललं होतं ती इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा आहे, भोपाळ आणि चेर्नोबिलपेक्षाही मोठी, असं त्यांनी त्यात लिहिलं. साडेबारा कोटींच्या देशात साडेतीन ते 7.7 कोटी लोकांना हापशांमधून येणाऱ्या पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकचा धोका होता, असा त्यांचा अंदाज होता.

भोपाळशी तुलना आकड्यांपुरती ठीक आहे, बाकी साम्य काहीच नाही. इथे कारखाना नव्हता, टाकी फुटली नव्हती, कोणी रात्रीतून नदीत काही सोडलं नव्हतं. आर्सेनिक हजारो वर्षं जमिनीतच पडून होतं. माणसं त्याच्यापर्यंत पोचली ती त्यांच्याच भल्यासाठी आखलेल्या एका योजनेमुळे, आणि ती योजना फसली असंही सरळ म्हणता येत नाही. त्यामुळे दोषी कोण, या प्रश्नापाशी हे प्रकरण फार पुढे सरकत नाही. मला त्यातला नंतरचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. विष सापडलं होतं, ते कुठल्या हापशात आहे हे ओळखायची स्वस्त पद्धत होती आणि पुष्कळांना जवळच चांगलं पाणीही होतं. तरी कोट्यवधी लोक तेच पाणी पीत राहिले, ते का?

तळ्याकडून हापशाकडे

बांगलादेशात पाणी कमी नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना तिथेच समुद्राला मिळतात आणि पावसाळ्यात देशाचा मोठा भाग पाण्याखाली असतो. टंचाई होती ती पिण्याजोग्या पाण्याची. खेड्यांमध्ये पाणी यायचं तळ्यातून किंवा नदीतून. अंघोळ त्यातच, भांडी त्यातच, गुरं त्यातच, आणि पिण्याचा हंडाही तिथेच भरायचा. कॉलरा आणि हगवण दरवर्षी मुलांना नेत.

1971 च्या मुक्तियुद्धानंतर युनिसेफ आणि सरकारचं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खातं यांनी यावर हातपंपाचा उपाय जोरात राबवला. नंबर 6 नावाचा ओतीव लोखंडाचा साधा पंप आणि त्याखाली नळी, एवढंच त्याचं यंत्र. या देशाची जमीन म्हणजे शेकडो मीटर खोल गाळ आणि वाळू, खडक लागतच नाही, त्यामुळे बोअर मारायला यंत्रही लागत नाही. बांबूचा मचाण बांधायचा, तरफेने नळी वर-खाली करत रुतवायची. वर बसलेला कारागीर नळीच्या तोंडावर तळहात ठेवतो आणि उचलतो. तो तळहातच झडपेचं काम करतो आणि चिखलपाणी उसळून बाहेर पडतं. उथळ हापसा एका दिवसात उभा राहतो.

हे इतकं सोपं आणि स्वस्त असल्यामुळे सरकारी हापसे लवकरच अल्पसंख्य झाले. लोकांनी स्वतःच्या पैशांनी आपल्या अंगणात हापसे बसवले. घराजवळ पाणी, बाईची पायपीट वाचली, शिवाय घराला जरा प्रतिष्ठा. पुढे देशातल्या हापशांचा अंदाज एक कोटीपर्यंत गेला. 1997 पर्यंत युनिसेफने जाहीर केलं होतं की 80 टक्के लोकांना सुरक्षित पाणी देण्याचं 2000 सालचं उद्दिष्ट आधीच ओलांडलं आहे. 1960 मध्ये दर हजारी 247 मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत, 1996 मध्ये हा आकडा 112 वर आला. क्षारसंजीवनी आणि लसीकरण यांचा त्यात मोठा वाटा आहे, सगळं श्रेय हापशांना देणं बरोबर नाही. पण तळ्याचं पाणी सुटल्याचा काही उपयोगच झाला नाही, असं कोणी म्हणत नाही.

पाणी सुरक्षित आहे म्हणजे त्यात जंतू नाहीत, असा त्या काळातला हिशेब. भूजलात आर्सेनिक पाहायची रीतच नव्हती. जिथे खाण नाही आणि धातूचा उद्योग नाही, तिथे नदीच्या गाळात आर्सेनिक कोण शोधणार, हा विचार त्या वेळी अगदीच मूर्खपणाचा नव्हता.

गाळात काय होतं

हिमालयातले खडक झिजतात आणि त्यातलं लोह गंजून वाळूच्या कणांवर पातळ थर धरतं. आर्सेनिक या लोहाच्या थराला चिकटून प्रवास करतं. नद्यांनी ही वाळू खाली आणून टाकली, तिच्यासोबत झाडपाल्याचा कुजकट गाळही पुरला गेला. जमिनीखाली प्राणवायू संपला की तिथले सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पदार्थांवर जगताना लोहाचा तो थर विरघळवतात. लोह सुटतं, त्याबरोबर आर्सेनिकही सुटतं आणि पाण्यात उतरतं. सुरुवातीला उलटा तर्कही मांडला गेला होता: सिंचनासाठी उपसा वाढला, पाणीपातळी उतरली, हवा आत शिरली आणि गंधकयुक्त खनिजांतून आर्सेनिक निघालं. तो तर्क मागे पडला.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं त्यांवर अवलंबून आहे. पहिली खोलीची. गेल्या दहा-बारा हजार वर्षांतला तरुण गाळ धोक्याचा, आणि बहुतेक खासगी हापसे नेमके त्याच थरात, शंभर मीटरच्या आत थांबलेले. दीडशे मीटरच्या खाली गेलं की बऱ्याच ठिकाणी जुनी वाळू लागते, तिच्यातलं आर्सेनिक अगदी कमी. दुसरी गोष्ट आडव्या अंतराची. नद्यांनी पात्रं बदलत गाळ टाकलेला असल्यामुळे त्याचे पट्टे कसेही पसरलेले आहेत. एका अंगणातला हापसा विषारी आणि वीस-तीस पावलांवरचा चांगला, हे तिथे नेहमीचं.

पाणी पाहून मात्र काहीच कळत नाही. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. परिणाम दिसायलाही वर्षं लागतात. आधी छाती-पाठीवर काळे-पांढरे ठिपके, मग तळहात आणि तळपायांवर टणक गाठी, आणि बऱ्याच वर्षांनी त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाचा कर्करोग. ठिपके आणि गाठी पाहून गावात लोकांना कुष्ठरोगाची शंका यायची. सुनेला माहेरी पाठवणं, मुलीचं लग्न मोडणं, मुलाला शाळेत वेगळं बसवणं, हे सगळं तिथल्या रुग्णांच्या वाट्याला आलं.

कोणाला कधी कळलं

1983 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांचा आजार आर्सेनिकचा असल्याचं ओळखलं. 1987 पर्यंत त्यांच्याकडे सीमेपलीकडचे काही रुग्णही आले होते. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती 1988 पासून पश्चिम बंगालचं पाणी तपासत होते आणि पुढे बांगलादेशच्या बाबतीत सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्यांत तेच होते. भूगर्भातला गाळ सीमेवर थांबत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी बांगलादेशात सरकारी खात्याला चापाई नवाबगंज जिल्ह्यातल्या हापशांत आर्सेनिक सापडलं ते 1993 मध्ये. 1995 ला कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद झाली, 1998 ला जागतिक बँकेच्या कर्जातून निवारण प्रकल्प सुरू झाला. पहिल्या सीमापार रुग्णापासून प्रकल्पापर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ गेला आणि त्या काळात नवे हापसे बसतच होते.

खरं प्रमाण समजलं 1998-99 च्या पाहणीत. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे आणि बांगलादेशच्या खात्याने 64 पैकी 61 जिल्ह्यांतून 3,534 नमुने घेतले. दीडशे मीटरच्या आतल्या हापशांपैकी 27 टक्क्यांमध्ये आर्सेनिक बांगलादेशच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची 10 ची मर्यादा लावली तर 46 टक्के. पहिल्या मापाने साडेतीन कोटी माणसं, दुसऱ्याने 5.7 कोटी. देशाचा आग्नेय आणि दक्षिण भाग सर्वांत वाईट; चांदपूर जिल्ह्यात सुमारे 90 टक्के उथळ हापसे नापास.

लंडनमधला खटला

याच ब्रिटिश संस्थेने 1992 मध्ये मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या सुमारे 150 कूपनलिकांचं पाणी तपासलं होतं. अहवालाच्या शीर्षकातच मासे आणि माणसांना असलेल्या संभाव्य विषारीपणाचा उल्लेख होता. बरीच मूलद्रव्यं मोजली गेली, आर्सेनिक मात्र मोजलं गेलं नाही. पुढे एका बाधित ग्रामस्थाने संस्थेच्या पालक मंडळावर इंग्लंडमध्ये दावा लावला. उच्च न्यायालयाने 2003 मध्ये दावा चालू द्यायचं ठरवलं, अपील न्यायालयाने 2004 मध्ये तो फेटाळला आणि 2006 मध्ये, तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने अपील न्यायालयाचा निर्णय कायम केला. न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांचा मुद्दा असा की, सर्वेक्षण करणाऱ्यांच्या हातात देशाचा पाणीपुरवठा नव्हता आणि त्याची जबाबदारीही त्यांच्यावर नव्हती. एखाद्याकडे ज्ञान आहे म्हणून सगळ्या लोकसंख्येला सावध करण्याचं कायदेशीर कर्तव्य त्याच्यावर येत नाही.

कायद्याने हे पटण्यासारखं आहे, आणि मला ते पटतं. फक्त त्याचा व्यावहारिक अर्थ असा झाला की पाणी तपासणारा जबाबदार नाही, पैसे देणाराही नाही, आणि ज्याने स्वतःच्या पैशांनी अंगणात हापसा घातला तो तर मुळीच नाही. मग उरतं बांगलादेशचं सरकार.

लाल आणि हिरवा

सरकारने 2000 ते 2003 या काळात एक मोठं काम केलं, ते कमी लेखू नये. सुमारे 50 लाख हापसे किटने तपासले गेले. नमुन्यात रसायनं टाकली की आर्सेनिक वायुरूपाने सुटतं आणि वर अडकवलेल्या कागदाची पट्टी पिवळी ते तपकिरी होते. रंग पत्रकाशी जुळवून प्रमाण ठरवायचं. मर्यादेच्या आसपास या किट चुकतात, त्यावरून शास्त्रज्ञांमध्ये भरपूर वाद झाले. पण 300 आणि 5 यांतला फरक त्या नीट सांगतात, आणि गावाला कळायला हवं होतं ते तेवढंच. सुमारे 14 लाख हापसे निकामी ठरले. त्यांची तोंडं लाल रंगवली, बाकीची हिरवी. लाल हापशाचं पाणी धुण्याभांड्यांना चालतं, पिण्याला नाही.

या रंगकामाचा किती उपयोग होऊ शकतो ते आराईहजारमध्ये दिसलं. ढाक्याच्या पूर्वेला असलेल्या या उपजिल्ह्यातल्या 25 चौरस किलोमीटर भागात कोलंबिया विद्यापीठ आणि बांगलादेशी संशोधकांनी 2000-01 मध्ये सुमारे सहा हजार हापसे एकेक करून तपासले. प्रमाण 5 च्या खालपासून 860 पर्यंत होतं आणि निम्म्याच्या आसपास नापास होते. पण जवळपास 90 टक्के रहिवाशांच्या शंभर मीटरच्या आत एक तरी चांगला हापसा होता. ज्या विखुरलेपणामुळे नकाशा काढणं अशक्य वाटत होतं, त्यानेच सुटकेची वाट दिली. हापसा खराब असल्याचं कळलेल्या कुटुंबांपैकी सुमारे 60 टक्क्यांनी पाण्याची जागा बदलली. त्यासाठी कोणी पैसे दिले नव्हते, नुसती माहिती दिली होती. 2006 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार देशभरात धोक्यातल्या लोकांपैकी 29 टक्क्यांनी शेजारचा हापसा वापरून सुटका करून घेतली, खोल हापशांनी 12 टक्क्यांना सोडवलं. गाळण्या, पावसाचं पाणी आणि तळ्याकाठचे वाळूचे फिल्टर यांचा वाटा या दोन्हींपुढे किरकोळ.

आराईहजारमधल्या उरलेल्या 40 टक्क्यांनी का बदललं नाही, यातही गूढ काही नाही. हापसा खासगी असतो. दिवसातून चार वेळा दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं, तेही घरातल्या बाईने किंवा मुलीने, आणि दोन घरांत जमिनीचा वाद असेल तर ते होतच नाही. शिवाय जो आजार दहा वर्षांनी येणार, त्याच्यासाठी आज कोणाचे उपकार घ्यायचे?

एक उलटा परिणामही नोंदवायला हवा. बारिसाल भागात केलेल्या एका अभ्यासात उथळ हापसे सोडलेल्या कुटुंबांमध्ये बालमृत्यू वाढल्याचं आढळलं. दुरून आणलेलं पाणी घरात साठवलं जातं, त्यात हात बुडतात आणि जंतू परत येतात. काही जण तर पुन्हा तळ्याकडे वळले. 2004 च्या राष्ट्रीय धोरणाने भूजलाऐवजी पृष्ठजलाला प्राधान्य दिलं, तो मला या प्रकरणातला सर्वांत पुस्तकी निर्णय वाटतो. ज्या पाण्यापासून लोकांना तीस वर्षांपूर्वी दूर नेलं, तिथेच त्यांना परत पाठवायचं, आणि गाळणी कोण साफ करणार ते गावावर सोडून द्यायचं.

पण खरी चूक याहून साधी आहे. तपासणी झाली ती मोहीम म्हणून, मग प्रकल्प संपला. लाल-हिरवा रंग दोन-चार पावसाळ्यांत उडतो. हापसे जुने होतात, नवे बसतात, आणि नव्या हापशाची चाचणी करायला वर्षानुवर्षं कोणी आलं नाही. आराईहजारच्या त्याच 25 चौरस किलोमीटरमध्ये बारा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा सहा हजारांचे दहा हजारांहून जास्त हापसे झालेले होते. एका चाचणीचं साहित्य डॉलरभरातही येतं. गावात मोबाइल दुरुस्त करून मिळतो, हापशाची तपासणी विकत मिळत नाही. बोअर मारणाऱ्या कारागिराकडेही एक खूण असते: नळीतून राखाडी वाळू आली तर आर्सेनिकची शक्यता जास्त, विटकरी-पिवळसर आली तर कमी. त्याला थोडं प्रशिक्षण आणि एक किट दिली असती, तर नवा हापसा बसतानाच उत्तर मिळालं असतं. असे प्रयोग झाले, पण प्रयोगच राहिले.

खोल हापसा कोणाच्या दारात

खोल हापसा हा भरवशाचा उपाय, पण तो एका कुटुंबाला परवडत नाही. म्हणून ते काम सरकारकडे आलं, आणि सरकारी वस्तूचं जे होतं तेच त्याचं झालं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 2016 मध्ये यावर अहवाल काढला. त्यानुसार नव्या जलस्रोतांपैकी निम्म्या जागा ठरवण्याचा हक्क खासदाराकडे, बाकीच्यांत उपजिल्ह्याच्या राजकारण्यांचा शब्द. हापसा गावाच्या नावाने मंजूर होतो आणि बसतो कार्यकर्त्याच्या कुंपणाच्या आत. जिथे आर्सेनिक फारसं नाही अशा भागांतही ते गेले. साधारण दोन कोटी लोक तेव्हाही 50 च्या वरचं पाणी पीत होते, आणि आर्सेनिकमुळे वर्षाला सुमारे 43,000 मृत्यू होतात हा एका अभ्यासाचा अंदाज अहवालाने उद्धृत केला होता.

हा आकडा मोठा वाटतो, पण आराईहजारमध्ये सुमारे बारा हजार माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासाशी तो जुळतो. 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्याच्या निष्कर्षानुसार त्या गटातल्या एकूण मृत्यूंपैकी 21.4 टक्के मृत्यू 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिकशी जोडता येतात. देशाची मर्यादा 50 आहे. म्हणजे हिरवा रंग मिळालेल्या हापशांपैकीही काहींचं पाणी निर्धोक नाही.

गाळण्यांची गोष्ट थोडक्यात. मूळचे बांगलादेशातल्या कुष्टियाचे आणि अमेरिकेत प्राध्यापक असलेले अबुल हुस्साम यांनी लोखंडाचा चुरा, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे वापरून सोनो नावाची घरगुती गाळणी तयार केली. 2007 मध्ये तिला अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचं दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. ती चालते. कोट्यवधी घरांत कोणीतरी रोज ती सांभाळावी लागते, एवढीच अडचण.

आता दबाव खोल थरावर येतो आहे. तिथलं पाणी चांगलं आहे, कारण वरचं पाणी तिथे उतरायला फार काळ लागतो. हातपंपाने पिण्यापुरतं घेतलं तर हा हिशेब दीर्घकाळ टिकेल, असं भूजलाची प्रतिमानं सांगतात. शेतीने मात्र वरच्याच थरातून पाणी घ्यायला हवं, जरी त्यामुळे बोरो, म्हणजे कोरड्या हंगामात सिंचनावर घेतल्या जाणाऱ्या, भाताच्या खाचरात दरवर्षी आर्सेनिक साचत असलं तरी. खोल थरात मोठे पंप बसले तर वरचं दूषित पाणी खाली ओढलं जाण्याची भीती आहे. ढाका शहर बरंचसं भूजलावर जगतं, तिथली पातळी वर्षाला दोन-तीन मीटर उतरत आली आहे आणि त्या उपशाचा ताण शहराबाहेरच्या खोल वाळूपर्यंत पोचतो. आराईहजार याच बाजूला येतं. तिथल्या खोल हापशांचं पाणी बहुतेक चांगलं निघतं, पण एकदा चांगलं निघालं म्हणून ते पुढेही तसंच राहील असं नाही.